टाचणीचा अधिकार

गावाचं नावच करडी, तेव्हा नजरही करडी. इथल्या एका कार्यालयात राउटर पार छताजवळ ठोकलेला; खाली पाटी, 'हात लावू नये'. पासवर्ड ठाऊक असलेला पोरगा पुण्याला गेला, फोन उचलत नाही. मग एक स्टूल, चार माणसं आणि बैठक. कोणी साहेबांच्या मुलीचं नाव टाकून पाहिलं, कोणी गाडीचा नंबर. शेवटी चहावाला म्हणाला, "मागं भोक आहे नं जी, टाचणी खुपसा." दहा सेकंद दाबली. दिवे विझले, पेटले. मूळ पासवर्ड तर बुडाच्या चिठ्ठीवर छापलेलाच होता. सगळे आत! आत गेल्यावर कळलं, जुन्या सेटिंगही पुसल्या गेल्या. इंटरनेट जोडायचं युजरनेम आता कोणाला माहीत? त्याच पोराला.

सॅन फ्रान्सिस्कोत २००८ साली टेरी चाइल्ड्स नावाच्या अभियंत्याने शहराच्या नेटवर्कचे पासवर्ड द्यायला नकार दिला. तुरुंगात गेला, पण दिले ते थेट महापौरांच्याच हातात. आमचा पोरगा एवढा मानी नाही. त्याचं तीन महिन्यांचं मानधन तेवढं राहिलंय.