खड्ड्यांतून बरा होणारा अ‍ॅम्प

खाडीकाठी राहणाऱ्याने व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प घेऊ नये, हे मला आईने आधीच सांगितलं होतं. ठाण्याच्या कारखान्यातला मर्फी रेडिओ तिने वर्षानुवर्षं थापटून वाजवलेला. "ट्रान्झिस्टर आल्यावर लोक त्या व्हॉल्व्हांतून सुटले, आणि तू पैसे मोजून घरात आणतोस?" मी तिला व्हॉल्व्हच्या आवाजातली ऊब समजावली. मला कॉर्ड्स बेताच्याच येतात, पण टोनवर मी तासभर बोलू शकतो.

आधी गुणगुण सुरू झाली. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरनंतर उरणारी लहर १०० हर्ट्झची असते, आणि फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले की ती स्पीकरमधून ऐकू येते. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी लागतो, तो ९८ हर्ट्झचा. म्हणजे अ‍ॅम्प जवळजवळ सुरात होता, गिटारच किंचित उतरलेली. मी ती चढवून घेतली. घरच्यांच्या मते त्या दिवसांत माझी बरीच प्रगती झाली.

कपॅसिटर स्वतः बदलावेत म्हणून मागची फळी उघडली. प्लग काढल्यावरही आत काहीशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात, म्हणून जाणकार एक हात खिशात ठेवून काम करतात. मी तसा उभा राहिलो आणि बराच वेळ उभाच राहिलो. "फोटो काढायचाय का?" आईने विचारलं. मी फळी लावून टाकली. कपॅसिटर शेवटी लॅमिंग्टन रोडवरच्या एका वयस्कर कारागिरांनी बदलले.

मग पावसाळा आणि खरखर. बिघडलेला व्हॉल्व्ह ओळखायला अ‍ॅम्प चालू ठेवून प्रत्येकावर लाकडी पेन्सिलीने हलकेच टकटक करतात. आवाज स्पीकरमधून मोठा होऊन आला. आतून आई ओरडली, "अरे, दार उघड, कोण आलंय बघ!"

अ‍ॅम्प टॅक्सीत घालून पुन्हा लॅमिंग्टन रोडला नेला. तिथे तो इतका स्वच्छ वाजला की दुकानातल्या मुलाने माझ्याकडेच संशयाने पाहिलं. नेरूळला घरी आणला, दमट हवा लागली, पुन्हा खरखर. पुन्हा टॅक्सी, पुन्हा स्वच्छ आवाज. मी नाटक करतोय, असं आता मलाच वाटू लागलं.

"साहेब, घर खाडीजवळ ना?" कारागीर काकांनी व्हॉल्व्ह उपसून सॉकेटमध्ये बॅटरी मारली. "पिना धरणाऱ्या चिमट्यांवर काळं चढलंय. टॅक्सीत हादरे बसतात, पिना घासल्या जातात, संपर्क परत जुळतो. तुमचा अ‍ॅम्प रस्त्यातच दुरुस्त होतो, माझ्याकडे नुसता भेटायला येतो." त्यांनी चिमटे साफ करून आवळून दिले. पावसाळ्यात अधूनमधून अ‍ॅम्प बंद करून, व्हॉल्व्ह गार झाले की काढून पुन्हा बसवा, असं बजावलं. सांगायला सोपं, पण एक हात खिशात ठेवून तो घट्ट बसलेला व्हॉल्व्ह माझ्याने तरी हलत नाही.

त्यामुळे आता खरखर आली की अ‍ॅम्प आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसतो आणि आई पुढे, कारण तिला नाहीतरी तुर्भ्याच्या मार्केटमधून कांदे आणायचे असतात. परवा खड्डा दिसला म्हणून मी ब्रेक मारला.

"अरे, चुकवतोस काय?" आई म्हणाली. "त्यासाठीच तर आलोय ना!"