तिसरा सिलिंडर मारणाऱ्या उंदरास खुले पत्र

उंदीरमामा,

मामा म्हटलं ते जुन्या सवयीनं. नात्याला शोभेल असं तू काही केलेलं नाहीस. मळणी उरकली, खाचरं मोकळी झाली, बांधाच्या कडेला लोंबी मिळेनाशी झाली आणि तू सरळ माझ्या बोनेटखाली बिऱ्हाड थाटलंस. तिथं इंजिनाची ऊब रात्री उशिरापर्यंत टिकते, मांजराचा पंजा पोचत नाही आणि भाडं मागायला कुणी येत नाही. जागा हेरण्यातली तुझी अक्कल मान्य. पण ज्या घरात राहायचं त्याच घराच्या वायरी तोडायच्या, हा कुठला शहाणपणा?

तुझ्या दातांचा पराक्रम तुला कळावा म्हणून सविस्तर लिहितो. गाडी चालू केली की स्टेअरिंग धरलेल्या हाताला मुंग्या यायच्या आणि आरशात दिसणारा राजगड थरथरायचा. वेग घेतला की थरथर दबायची, पण चढाला गाडी रडायची. इंजिन स्लोला मिनिटाला साधारण 800 फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे चारांतला एक गप्प बसला तर सेकंदाला सहा-सात ठोके चुकतात. वेगात फ्लायव्हीलचा जोर ती चूक निभावून नेतो, स्लोला ती अंगावर येते.

गुंजवण्यात गाडी कशासाठी असते, हे तुला कोण सांगणार? इथून चेलाडी फाट्याला लागायचं तर साखर, मार्गासनी करत जावं लागतं. रात्री-अपरात्री कुणाला साप चावला, कुणी बाळंतपणाला अडली, की ज्याच्या दारात गाडी त्याच्या दाराची कडी वाजते. अशा वेळी तीन सिलिंडरवर लंगडणारी गाडी घेऊन निघायचं म्हणजे काय, ते मागच्या सीटवर कण्हणाऱ्या माणसाला विचार.

तुझा छडा घरच्या अंगणातच लागला. एका गॅरेजात थ्रॉटल बॉडी बदलायचा सल्ला मिळाला होता, तोही गाडीला नीट हात न लावता. या सल्ल्याचा मला तुझ्याइतकाच राग आहे. आजार न शोधता पार्ट बदलत सुटायचं आणि बिल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. आधी आरपीएमच्या काट्याकडं बघायला हवं. गाडी थरथरते पण काटा जागचा हलत नाही, तर संशय इंजिनाच्या माउंटिंगवर. काटाच नाचतो, तर दुखणं इंजिनाच्या आत. माझा काटा नाचत होता आणि चेक इंजिनचा दिवाही लुकलुकत होता.

स्कॅनर लावला. कोड आला पी0303, म्हणजे तिसरा सिलिंडर मिस होतोय. तिसऱ्याची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड कॉइलबरोबर सरकून पी0302 झाला असता तर कॉइल दोषी. तो तिसऱ्यावरच राहिला. प्लगचीही अशीच अदलाबदल केली, तरी तिसराच. पुन्हा सायलेन्सरच्या तोंडाशी कच्च्या पेट्रोलचा वास नव्हता. ठिणगी पडत नसती तर न जळलेलं पेट्रोल बाहेर आलं असतं. इथं पेट्रोलच आत जात नव्हतं.

मग लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजेक्टरवर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. पहिला इंजेक्टर टकटक करत होता, दुसरा करत होता, चौथाही. तिसरा मुका. इंजिन बंद करून कपलर काढला, चावी ऑन केली, मल्टीमीटर लावला. एका वायरीत बॅटरीचा करंट येत होता. दुसरी, इंजिनाच्या संगणकाकडून हुकूम आणणारी, हलवली की जोडायची आणि सोडली की तुटायची. थरथर मधूनच थांबायची ती यामुळे.

त्या वायरीचा माग काढत हात एअर फिल्टरच्या डब्याखाली गेला आणि तुझा संसार सापडला. इंद्रायणी भाताचा पेंढा, त्याची टरफलं, सीटखालच्या फेल्टचा कापूस, वेफरच्या पुडीचे चमकते तुकडे आणि काळ्या लेंड्या. वायरीवरचं नळीदार वेष्टन ओरबाडलेलं. खाली तुझ्या दोन दातांच्या शेजारी शेजारी कोरलेल्या खाचा आणि तांब्याचे उरलेले दोन-तीन केस. मुरुंबदेवाचा, म्हणजे राजगडाचा, डोंगर दारात असताना इंजिन पोखरून उंदीर निघाला!

तुझे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवले नाहीत तर तू उपाशी मरशील, हे मला माहीत आहे. म्हणून वायरीबद्दल एक वेळ सोडून दिलं असतं. पण ब्रेकच्या बूस्टरला जाणाऱ्या पाइपवरही तुझे दात उमटलेत. तो पाइप फुटला तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, स्लो बिघडतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं. पाबे घाटाच्या उतारावर हे झालं असतं तर? हे मी माफ करणार नाही. पाइप नवा घातला आणि मग तपासणी केली. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली बसलं की बूस्टर शाबूत. ज्याच्या गाडीत उंदीर शिरलाय त्यानं ही परीक्षा त्याच दिवशी करावी, वायरी नंतर बघाव्यात.

वेफरची पुडी मात्र तुझी नव्हे. 2025च्या जुलैत राजगड युनेस्कोच्या यादीत गेला, याचा इथल्या प्रत्येक घराला अभिमान आहे. पण चोर दरवाज्यानं गड चढून उतरलेली काही मंडळी उरलेले पोळीचे तुकडे, फरसाण आणि पुड्या गाड्यांच्या चाकांपाशी टाकून जातात. रात्री तू ते खायला येतोस आणि निजायला शेजारची गाडी गाठतोस. महाराजांच्या राजधानीच्या पायथ्याशी उष्टं टाकणाऱ्यांनी हे पत्र वाचावं. माझी तुटलेली वायर त्यांच्याही खात्यावर आहे.

दुरुस्तीला फारसा खर्च आला नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढली, कुरतडलेला तुकडा कापून त्याच जाडीची वायर सोल्डर केली, वर श्रिंक स्लीव्ह चढवून गरम केली. नुसतं पीळ देऊन टेप गुंडाळला असता तर पुढच्या पावसाळ्यात हिरवा गंज चढून गाडी पुन्हा लंगडली असती. कोड पुसला, इंजिन चालू केलं. काटा आठशेला स्थिर.

तुझं घरटं काढताना हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, घाण आधी जंतुनाशकाच्या पाण्यानं भिजवली. तुझ्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आणि भातखाचरात राबणाऱ्याच्या पायाला चिरा असतातच. असा कचरा एअर गननं कुणी उडवू नये.

विष घालणार नाही. विष खाऊन तू डॅशबोर्डच्या आत मेलास तर महिनाभर दुर्गंधी, आणि बाहेर मेलास तर तुला खाणारं घुबड मरायचं. तू मला नकोस, ते घुबड मला हवंय. हवा ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाला तारेची जाळी बसवली आहे. रात्री बोनेट वर उचलून ठेवतो, म्हणजे ना ऊब राहते ना आडोसा. होंडानं मिरचीचा तिखटपणा भरलेली चिकटपट्टी खास तुझ्या जातीसाठी काढली आहे, ती मागवून नव्या वायरीवर गुंडाळणार आहे.

इतकं करूनही यायचंच असेल तर ये. पिंजरा एअर फिल्टरच्या डब्याशेजारी ठेवलाय, आत भाजलेलं खोबरं लावलंय.

कळावे,
एक गाडीवाला
गुंजवणे, तालुका राजगड (पूर्वीचा वेल्हे)