मेंदू पाहावा मोजून

घर बांधून आणि लग्न करून झालेल्या धाडसी मंडळींसाठी मेंदूच्या एमआरआय विश्लेषणाची प्राथमिक मार्गदर्शिका.

साहित्य: एक लॅपटॉप, बरीचशी रिकामी डिस्क, चहा आणि मेंदूचे स्कॅन. स्वतःचे नसतील तर ओपनन्यूरो या संकेतस्थळावर परक्यांचे फुकट मिळतात.

१. सॉफ्टवेअर निवडा. ऑक्सफर्डचं एफएसएल, लंडनचं एसपीएम, बॉस्टनचं फ्रीसर्फर, अमेरिकी सरकारी संस्थेतलं आफ्नी. ना-नफा संशोधनासाठी सगळी फुकट. एसपीएम मात्र सहसा मॅटलॅबवर चालवतात, आणि मॅटलॅब फुकट नाही. निवडीचा शास्त्रीय निकष एकच: शेजारच्या टेबलावरचा सीनियर काय वापरतो? तेच घ्या. अडल्यावर हाक त्यालाच मारायची आहे.

२. लॅपटॉप विंडोजचा असेल आणि निवड एसपीएमची नसेल, तर त्याच्या पोटात लिनक्स बसवा. आता बिघडायला दोन जागा झाल्या.

३. इन्स्टॉल झाल्यावर ‘कमांड नॉट फाउंड’ असं उत्तर येईल. घाबरू नका. प्रोग्रॅम आलेला असतो, फक्त तो कुठे उतरलाय हे यंत्राला कुणी सांगितलेलं नसतं. ‘पाथ’ लिहा, टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा. फ्रीसर्फरला वर लायसन्सची फाइलही लागते. ती फॉर्म भरला की ईमेलने येते आणि चुकीच्या फोल्डरात आपोआप जाते.

४. इतरांना शिकवणार असाल तर वर्गात फ्रीसर्फरचं ‘रिकॉन-ऑल’ चालवायला सांगू नका. एका मेंदूला त्याला कित्येक तास लागतात. टीव्हीवरच्या पाककृतीत ‘हा मी आधीच करून ठेवलाय’ म्हणत केक बाहेर काढतात, तसा तयार मेंदू फोल्डरात ठेवा.

५. डावं-उजवं तपासा. रेडिओलॉजीच्या रिवाजात माणसाची डावी बाजू पडद्यावर उजवीकडे दिसते. काही सॉफ्टवेअरं हा रिवाज पाळतात, काही नाही. खात्रीचा उपाय औषधाच्या दुकानात आहे: स्कॅनच्या वेळी डोक्याच्या एका बाजूला ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवा. ती चित्रात ठिपक्यासारखी चमकते.

६. शेवटी मेंदूवर ‘इथे काम चालू आहे’ असं सांगणारे लाल-पिवळे डाग उमटतील. आनंद आवरा. 2009 साली जाहीर झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या संशोधकांनी एका मेलेल्या सामन माशाला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांची छायाचित्रं दाखवली आणि त्यातल्या भावना ओळखायला सांगितल्या. माशाच्या मेंदूतही डाग उमटला! हजारो ठिकाणी एकच चाचणी लावली की काही ठिकाणी योगायोगानेच होकार येतो. तेवढी दुरुस्ती गणितात केल्यावर मासा रीतसर मेला. 2012 मध्ये या कामाला इग्नोबेल हे गमतीदार संशोधनाचं बक्षीस मिळालं. पहिल्या दिवशी वर्गाला हाच मासा वाढा.

७. सगळं नीट चालू लागलं की अपडेटचं बटण दाबू नका. फ्रीसर्फरची आवृत्ती किंवा संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली, तर त्याच स्कॅनमधल्या मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी वेगळी भरते, हे 2012 मध्येच दाखवलं गेलंय. 2020 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या प्रयोगात 70 गटांना एकच डेटा दिला होता, कोणत्याही दोन गटांची पद्धत तंतोतंत जुळली नाही आणि निष्कर्षांतही बरीच तफावत पडली. म्हणून सगळा संसार डॉकर या सॉफ्टवेअरच्या डब्यात सीलबंद करा आणि प्रत्येक प्रोग्रॅमचा आवृत्ती क्रमांक शोधनिबंधात छापा. म्हणजे उद्या दुसऱ्या कुणाला वेगळं उत्तर आलंच, तर फरक माणसांच्या मेंदूत आहे की तुमच्या लॅपटॉपात, एवढं तरी शोधता येईल.