बिनकामाची मुलुखगिरी

गेम कसा आहे असं भाच्याला विचारलं की तो आधी ग्राफिक्स सांगतो. पाण्यात ढग कसे दिसतात, नायकाच्या गालावरचे खड्डे कसे मोजता येतात वगैरे. हे सगळं नीट दिसायला कोणतं ग्राफिक्स कार्ड लागतं, तेही सांगतो. त्याची किंमत ऐकून मी पूर्वी एवढ्या पैशांत काय काय यायचं ते सांगायला लागतो आणि संभाषण तिथेच संपतं. पण गालावरचे खड्डे बघून कुणी गेममध्ये हरवलेलं मी पाहिलेलं नाही. माणूस ‘वा!’ म्हणतो आणि चहा टाकायला उठतो. ज्यात शिरल्यावर चहाची आठवणच होत नाही ते गेम वेगळे, आणि त्यांतले काही दिसायला अगदीच बेतास बात आहेत.

१९९९ चा ‘सायलेंट हिल’ घ्या. कोनामी या जपानी कंपनीचा, पहिल्या प्लेस्टेशनवरचा. हॅरी मेसन नावाचा बाप एका ओसाड अमेरिकन गावात आपली हरवलेली मुलगी शोधतोय. गावभर दाट धुकं, चार पावलांपलीकडे काही दिसत नाही. हॅरीजवळ एक छोटा रेडिओ असतो. त्याच्यावर गाणी लागत नाहीत, बातम्या लागत नाहीत. एखादं अभद्र जनावर जवळ आलं की तो नुसता खरखरतो. डावीकडून येतंय की मागून, ते सांगत नाही. आपण रस्त्याच्या मधोमध उभे, समोर पांढरंफटक, आणि खरखर वाढत चाललेली. हा गेम रात्री खेळलेला माणूस नंतर स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातो तेव्हा वाटेतले सगळे दिवे लावत जातो. विजेच्या बिलाचा विचार सकाळी.

त्या धुक्याचा जन्म मात्र अडचणीतून झालेला. त्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी होती २ मेगाबाइट. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी लग्नपत्रिकासुद्धा हल्ली कधीकधी त्याहून जड असते. लांबवरचे रस्ते आणि घरं एकाच वेळी रंगवणं त्या यंत्राला झेपत नव्हतं, म्हणून लांबचं सगळं धुक्यात आणि काळोखात झाकलं. यंत्राची अब्रू झाकायला ओढलेल्या त्या पडद्याने खेळणाऱ्यांची झोप उडवली. पुढे २०१२ साली याच मालिकेतल्या दुसऱ्या भागाची झाडूनपुसून नवी आवृत्ती निघाली. तिच्यात धुकं पातळ झालं आणि जग जिथे संपतं त्या कडा उघड्या पडल्या. चाहत्यांनी बोंब ठोकली. जास्त दिसायला लागलं म्हणून गिऱ्हाईक भांडायला येतं, असा धंदा हा एकच असेल.

डोळ्यांना उपाशी ठेवलं की कान कामाला लागतात. १९९८ च्या ‘थीफ’मध्ये आपण गॅरेट नावाचा चोर असतो. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजतं, लोखंडी पत्र्यावर तर पहारेकऱ्यांना आमंत्रणच. त्यामुळे खजिना कुठे आहे हे बघायच्या आधी आपण खाली काय अंथरलंय ते बघत चालतो. सुरुवातीच्याच कामगिरीत दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींबद्दल गप्पा मारत असतात. तक्रार काय, तर हल्लीच्या अस्वलांत पूर्वीचा दम राहिलेला नाही! अशी तक्रार आमच्या कट्ट्यावर रोज होते, फक्त अस्वलांऐवजी आंबे, नाटकं किंवा क्रिकेटपटू असतात. चोरी बाजूला ठेवून मी अंधारात त्यांचं बोलणं ऐकत राहतो. आपण तिथे आहोत याचा त्यांना पत्ता नाही, फिकीर त्याहून नाही. गेममधलं गाव खरं वाटायला लागतं ते इथे. आपण आलो नसतो तरी या दोघांनी अस्वलांना नावं ठेवलीच असती.

याची श्रीमंती हौस बघायची तर २०१८ चा ‘रेड डेड रिडेम्प्शन २’. १८९९ सालची अमेरिका, आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर आणि त्याचा घोडा. इथे दाढी आपोआप वाढते. मेलेलं जनावर पडून राहिलं तर सडतं. बरेच दिवस अंघोळ केली नाही तर लोक तोंडावर सांगतात. कडाक्याच्या थंडीत घोड्याच्या अवघड जागेचं काय होतं, हेसुद्धा त्यांनी दाखवलंय. ते दाखवण्यासाठी कुणीतरी पगार घेतला, याचा मला मनापासून आनंद आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींवाचून दरोडा अडत नाही. पण रात्री शेकोटीपाशी बसून आर्थर कॉफी उकळतो, मागे घोडा फुरफुरतो, तेव्हा मी काहीच करत नाही. भाचा वैतागतो. “मामा, तू नुसता घोडा फिरवतोस. मिशन कधी करणार?” करू की. दरोडा कुठे पळून चाललाय?

आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ काढला. धाकट्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट. राजस्थानी वळणाचे महाल, भिंतींवर पुराणकथांची चित्रं, कॅमेरा बराच मागे, त्यामुळे त्या दगडी पसाऱ्यात राजी अगदी चिमुकली दिसते. बघत राहावं असं. निवेदनाला साक्षात दुर्गा आणि विष्णू आहेत आणि माझी कुरकुर तेवढीच: दोघं बोलतात फार. देवांना गप्प बसा म्हणणार कोण? पण एखाद्या रिकाम्या महालात त्यांनी जरा कमी बोलायला हवं होतं. एवढी कष्टाने उभी केलेली जागा, तिथे दोन मिनिटं आपल्याला एकटं सोडलं असतं तर चाललं असतं.

तेव्हा घरोघरच्या आईबापांना एक विनंती. पोरगं गेममध्ये नुसतंच नदीकाठी उभं आहे, पडद्यावर काही घडत नाहीये, असं दिसलं की “खेळत नाहीयेस ना? मग बंद कर आणि कोथिंबीर घेऊन ये” असं लगेच म्हणू नका. कोथिंबिरीला गोळीबार चालू असताना पाठवा. तेव्हा पॉज करायला काहीच वाटत नाही.