मॉनिटरला कावीळ झाल्यास: सेवा केंद्र चालकांसाठी मार्गदर्शक सूचना

सदर सूचना पेठ तालुक्यातली सेवा केंद्रं, झेरॉक्स-डीटीपीची दुकानं आणि शाळांच्या संगणक खोल्यांसाठी आहेत. इतर तालुक्यांनी त्या स्वतःच्या जबाबदारीवर वापराव्यात. आमच्याएवढा पाऊस सगळीकडे पडत नाही.

प्रथमोपचार म्हणजे थाप. स्क्रीनचा रंग फिरला की चालकाचा हात आपोआप मॉनिटरच्या डोक्यावर पडतो. नाशिकचे मेकॅनिक या पद्धतीला हसतात. पण थापेनं रंग क्षणभर जागेवर आला, तर जोडणी कुठेतरी सैल आहे एवढं नक्की कळतं. तिथेच थांबावं. दुसरी थाप रागाची असते, तिनं काहीच कळत नाही.

थाप वाया गेली तर मॉनिटरचं मेनूचं बटण दाबावं. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची जी चौकट उमटते, ती कॉम्प्युटर पाठवत नाही, मॉनिटर स्वतःच काढतो. चौकट नेहमीच्या रंगात आणि मागचा सातबारा जांभळा, असं असेल तर मॉनिटर बहुधा निर्दोष आहे. थापेबद्दल त्याची माफी मागून केबलकडे वळावं.

निळ्या टोकाची ही व्हीजीए केबल आयबीएमनं १९८७ साली आणली आणि आपल्या टेबलामागे ती अजून नोकरीत आहे. तीन ओळींत पंधरा पिना. पहिलीतून लाल, दुसरीतून हिरवा, तिसरीतून निळा. यातली एक वाकली किंवा आषाढातल्या ओलीनं गंजली, की तेवढा रंग रजेवर. लाल गेला तर पांढरा कागद आकाशी होतो, हिरवा गेला तर राणी कलरचा, निळा गेला तर पिवळाधमक. निळा जाणं सगळ्यात लबाड. त्या दिवशी हळदीची पत्रिका केली तर स्क्रीनवर इतकी झकास दिसते की कुणाला संशयच येत नाही.

लाल पिन गेली असताना १५ ऑगस्टचा बॅनर मात्र मुळीच करायला घेऊ नये. केशरीतून लाल वजा केला की हिरवा उरतो. तिरंग्याचे वरचा आणि खालचा दोन्ही पट्टे हिरवे दिसतात. निवडणुकीत तर या एका पिनेपुढे तालुकाध्यक्षही फिका. भगवा बॅनर स्क्रीनवर हिरवा झालेला, आणि खुर्चीमागे ओली छत्री ठिबकवत उमेदवाराचे काका: ‘भाऊ, तू नेमका कोणाकडनं आहेस?’ अशा वेळी घाईनं फाइलमधला रंग बदलू नये. फाइल बरोबरच असते; बदललेला रंग फ्लेक्सवर तसाच छापून येतो आणि मग काकांना समजावणं अवघड जातं.

उपाय असा. कॉम्प्युटर बंद करून केबल काढावी, मोबाइलच्या टॉर्चखाली पिना बघाव्यात. वाकलेली पिन शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलीच्या टोकात धरून अगदी हळू सरळ करावी. नववी पिन पुष्कळ केबलींत मुळातच नसते, तिच्यासाठी टेबलाखाली रांगू नये. दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळावेत. ते आवळायचेच असतात, ही माहिती बऱ्याच चालकांना नवी वाटेल.

फक्त संध्याकाळीच कावीळ होत असेल तर केबल सोडून विंडोजमधला ‘नाईट लाईट’ बंद करावा. सगळंच कृष्णधवल झालं असेल, तर कॉपी करताना कुणीतरी कंट्रोल-सीच्या जोडीला विंडोजचं बटणही दाबलेलं असण्याची शक्यता आहे. कलर फिल्टरचा शॉर्टकट चालू असेल तर तीच तीन बटणं पुन्हा दाबली की काम होतं. शेजारच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली दुसरा इलाज नव्हता, आपल्याला आहे.

शाळेत अजून जुना डबा मॉनिटर असेल आणि त्याच्या कोपऱ्यात रंगीत डाग पडला असेल, तर शेजारचा स्पीकर लांब ठेवावा. त्यातल्या लोहचुंबकाचा तो प्रताप असतो. मग मेनूतलं ‘डीगॉस’ एकदा दाबावं. ‘टंग’ आवाजाची मजा वाटून पोरांनी पुन्हा पुन्हा दाबलं तर उपयोग नाही. आतला भाग गार व्हायला वेळ लागतो.

एवढ्यानंही जमलं नाही तर नाशिकला फोन करावा. माणूस ‘निघालोच’ म्हणेल. सावळघाटात धुकं असल्यास तो उद्या येतो असं धरून चालावं. तोवर दाखल्यांचं काम थांबवू नये, प्रिंटरमध्ये काळाच टोनर आहे. पासपोर्ट फोटोवाल्यांना तेवढं उद्या बोलवावं.