इंद्रजालवाले काका

सोलापुरात चादरीचं दुकान कुठं म्हणून विचारलं, तर चार माणसं चार दिशांना हात करतात. कॉमिक्सचं दुकान विचारलं की त्याच चौघांचे हात एकाच माणसाकडे वळतात. ‘त्या काकांना विचारा की.’ असा एखादा काका शहराच्या प्रत्येक भागात निघतोच. बँकेतून नाहीतर जिल्हा परिषदेतून निवृत्त, स्कूटरच्या हुकाला कापडी पिशवी, पिशवीत एक वही. घरात ते ‘हे’ असतात, सोसायटीत सेक्रेटरी असतात, पण नव्या पेठेपासून अशोक चौकापर्यंत रद्दीवाल्यांत त्यांना एकच नाव आहे, इंद्रजालवाले.

टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये बंद केलं. या सव्वीस वर्षांत काकांची शाळा, कॉलेज, नोकरी आणि लग्न उरकलं, पण त्यांच्या बोलण्यात ठळक तारखा दोनच, सुरू झालं ती आणि बंद पडलं ती. लग्नाचा वाढदिवस बायकोनं आठवण केल्यावर आठवतो. पहिले बत्तीस अंक वेताळाचे, तेहेतिसाव्यापासून इतरांना जागा मिळाली, हे मात्र झोपेतून उठवून विचारा.

नवा रद्दीवाला दिसला की काका त्याची परीक्षा घेतात. ‘इंद्रजालचा एकशेतेवीस नंबर आहे का?’ आता एकशेतेवीस आणि एकशेचोवीस हे अंक निघालेलेच नाहीत, टाइम्समधल्या संपात ते बुडाले. पण हे रद्दीवाल्याला काय ठाऊक? ‘कालच गेला की काका. अर्धा तास आधी आला असताव तर...’ एवढं ऐकलं की काका मान डोलावतात आणि वहीत त्या दुकानापुढे फुली मारतात. फुली मारूनही दर शनिवारी तिथं जातात, हा भाग वेगळा.

दिवाळीआधीचे पंधरा दिवस काकांचा सुगीचा हंगाम. बायका माळे साफ करतात, तेव्हा काका गल्लीगल्लीतून उगाच फेऱ्या मारतात. कुणाचा मुलगा अमेरिकेला गेला, कुणाचा वाडा बिल्डरला दिला, कुणाची बदली झाली, ही खबर नगरसेवकाच्या आधी त्यांना असते. शोकप्रसंगीही ते चुकत नाहीत. दहाव्याला घाटावर उभे राहतात, घरी येऊन बसतात, गेलेल्याच्या चांगुलपणाबद्दल मनापासून चार शब्द बोलतात, आणि डोळे छताकडे लावून हळूच म्हणतात, ‘लहानपणी वाचनाचा फार नाद होता हो त्याला. त्या वेळची ट्रंक असेल ना वर?’ घरच्यांना वाटतं, काका देवाकडे बघतायत.

बघावं तर मे महिन्यात, भर दुपारी. पारा चव्वेचाळीसला टेकलेला, बाजार झोपलेला, आणि काका डोक्याला पंचा गुंडाळून गठ्ठ्यांपुढे उकिडवे बसलेले. ‘ह्या उन्हात काय करूलालाव काका?’ असं रद्दीवाला विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पाण्याचा तांब्या पुढे करतो. गठ्ठ्याचे थर ठरलेले. वर पेपर, खाली बारावीची गाईडं, त्याखाली दिवाळी अंक. मग एखादा रंगीत कोपरा डोकावतो. काका मुखपृष्ठाकडे बघतसुद्धा नाहीत. आधी मधलं पान. पिना गंजल्या की हे जोडपान पहिलं निखळतं, आणि मग वेताळ एका पानावर चाच्याच्या हनुवटीवर ठोसा उगारतो तो पुढच्या पानावर थेट कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसलेला सापडतो. ठोसा बसला की हुकला, हे कळायला काकांची कधी कधी वर्षं गेलेली आहेत. मधलं पान शाबूत असलं तर पिना, मग कडा, आणि शेवटी आतल्या बाजूला जुन्या मालकाचं नाव, इयत्ता पाचवी ‘ब’, खाली पुस्तक चोरणाऱ्याला दिलेला शाप. शापाला काका भीत नाहीत. त्यांना भीती बाइंडिंगची. कुणा हौशी वडलांनी बारा अंक एकत्र बांधून घेतलेले असतात आणि बाइंडरनं कटरखाली घालून वेताळाच्या तोंडचे निम्मे संवाद उडवलेले असतात. असा खंड बघून काका हातातला तांब्या खाली ठेवतात. त्या दिवशी घरी जेवण कमी जातं.

घबाड हाती लागलं तर चेहरा पाडायचा, हा या धंद्याचा नियम. आनंद दिसला की भाव चढतो. म्हणून काका तो अंक तीन किलो पेपरांत खुपसतात आणि सगळंच वजनावर घेतात. परिणामी त्यांच्या घरातून जितकी रद्दी जाते त्याच्या दुप्पट येते. काकूंनी हा हिशेब एकदा मांडून दाखवला होता. काकांनी तो कागद उलटून बघितला, मागे काही छापलंय का म्हणून.

पूर्व भागात त्यांचं वेगळंच प्रकरण. तिथल्या तेलुगू विणकर घरांत चांदोबाची सख्खी भावंडं, तेलुगू चंदमामा, हाती लागतात. मासिक मुळात १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये निघालं, मराठीत चांदोबा १९५२ मध्ये आला. काकांना तेलुगू अक्षर ओ की ठो कळत नाही, पण विक्रमाच्या खांद्यावरचं प्रेत ओळखू येतं. एका घरातल्या आजीबाई गोष्ट वाचून मराठीत सांगू लागल्या, तर काकांनी दोन ठिकाणी त्यांना दुरुस्त केलं. आजीबाईंनी चष्मा काढला आणि चहा मागे नेला.

बाकीच्यांना काकांच्या दरबारात जागा आहे, पण उभं राहायला. अनंत पैंची अमर चित्र कथा म्हणजे त्यांच्या मते अभ्यास. नागराज पोरांचा. मात्र नागराज काढणारे प्रताप मुळीक आपल्या पुण्याचे आणि अमर चित्र कथेतला शिवाजीही त्यांचाच, हे कळल्यावर काकांनी नागराजचे अंक बाथरूमवरच्या माळ्यातून काढून कपाटात आणले. खालच्या कप्प्यात. वरच्या कप्प्यात इंद्रजाल, डांबरगोळ्या घालून, कोऱ्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं. घरातली माणसं विरलेली चादर पांघरतात.

अशा घरात इंजिनिअरिंगला असलेली पुतणी ‘वन पीस’चं पुस्तक घेऊन आली. काकांनी ते उघडलं, दोन पानं चाळली आणि चेहरा गंभीर केला.

‘बदलून घे बाळ. शेवटचं पान पुढं शिवलंय.’

‘मांगा आहे काका, जपानी. उजवीकडनं वाचायचं.’

‘उर्दूसारखं? मग तसं सांगायचं की.’ सोलापुरात राहून एवढ्यानं कोण दचकतो? ‘एकूण अंक किती?’

‘शंभराच्या वर झालेत. १९९७ पासून चालू आहे, अजून संपलेलं नाही.’

‘मध्ये संप?’

‘नाही.’

काका चष्म्यावरून बघत राहिले. संपाशिवाय चालणारं कॉमिक त्यांना जरा संशयास्पदच वाटलं. मग त्यांनी वही काढली.

‘तुझ्याकडं कितीपर्यंत आहेत?’

‘पंचवीस. फक्त सतरावा नाहीये. आज रात्री ऑर्डर करते, परवापर्यंत येईल.’

‘ऑर्डरबिर्डर काही करायची नाही,’ काका स्कूटरची किल्ली शोधत म्हणाले. ‘सतरा ना? बघतो मी.’