अनुशेषकाका

काकाजींच्या घरचा कूलर दरवर्षी मृगाच्या आसपास सुरू होतो. बाकीचं नागपूर होळी आटोपली की कूलर काढतं, वाळ्याच्या ताट्या बदलतं, पंप फिरतो का बघतं. काकाजी त्या दिवसांत अंदाजपत्रक करत असतात. तीन दुकानांतून ताट्यांचे दर लेखी आणायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि तो काकूंपुढे ठेवायचा. काकू कणीक मळता मळता म्हणतात, "आणा ना बापा एकदाच्या." काकाजी वहीत लिहितात : तत्त्वतः मान्यता. तांत्रिक मान्यता थोरल्या जावयाची, कारण तो इंजिनिअर; आणि तो पुण्याला. तिकडून फोन येईतो एप्रिल सरतो, भाव चढतात आणि मग काढावी लागते 'सुप्रमा', म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. हा शब्द काकाजी इतक्या मायेनं उच्चारतात की नव्या माणसाला वाटावं, यांची धाकटी लेक.

नियोजनाच्या एका कार्यालयात उभी हयात घालवून काकाजी निवृत्त झाले. अनुशेष, म्हणजे मागे पडलेल्या भागाच्या विकासातली राहून गेलेली तूट, हा त्यांचा कायमचा विषय; म्हणून कॉलनीतली पोरं त्यांना मागून अनुशेषकाका म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे, आणि आवडतंही, असा माझा वहीम आहे. पाहुणा खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच सुरू : "दांडेकर समिती, १९८४. राज्याचा अनुशेष ३,१८६ कोटी. लिहून घ्या." कोणी लिहून घेत नाही. तरी ते थांबतात, लिहून घ्यायला लागेल तेवढा वेळ. मग नागपूर करार, १९५३. मग केळकर समिती, २०१३. मधेच पोहे येतात. पोह्यांवर तर्री पडेपर्यंत आपण वऱ्हाडातून निघून झाडीपट्टीत पोचलेलो असतो.

तिथे पोचले की त्यांचा आवाज चढतो. कोळसा, मँगनीज, चुनखडी, सूरजागडचं लोखंड, साग, बांबू, तेंदूपत्ता. एकेक नाव घेताना ते एकेक बोट मिटतात आणि शेवटी मूठ आपल्यापुढे धरतात. "आता सांगा, गरीब कोण?" उत्तर द्यायचं नसतं. चंद्रपूरचं वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचं. त्याची राख चंद्रपूरकरांच्या छपरावर आणि वीज तारेवरून मुलुखभर. कोळशाची रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत, तिजोरी मुंबईत. "अन् आपल्याकडे काय? खड्डा. तोही पाण्यानं भरलेला, म्हणून सिंचनात धरता येईल का, असं एकानं मला विचारलं होतं!" हे सांगताना ते हसतात, पण विचारणारा हसत नव्हता, हेही आवर्जून सांगतात.

१ मे १९९४ ही काकाजींची दिवाळी. घटनेच्या ३७१(२) कलमाखाली विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळं त्या दिवशी आली. आता अन्याय संपला, असं म्हणून त्यांनी कॉलनीत पेढे वाटले होते. पुढचं गणित मात्र मजेशीर. मंडळानं मोजायचं, राज्यपालांनी निधीवाटपाचे निर्देश द्यायचे आणि खर्च करायचा मंत्रालयातल्या खात्यांनी. मोजणाऱ्याच्या हाती पैसा नाही. ज्याच्या हाती पैसा, त्याला गडचिरोलीतला भामरागड नकाशावरही चटकन सापडायचा नाही. इतक्या वर्षांत आकडे मात्र फार सुबक झाले. रस्त्यांचा अनुशेष, विहिरींचा अनुशेष, पंपांचा अनुशेष, सगळा दशांश चिन्हानंतर दोन घरं. ३० एप्रिल २०२० ला मंडळांची मुदत संपली. काकाजी त्या रात्री जेवले नाहीत. शेजाऱ्यांनी विचारलं तर काकूंनी करोनाकडे बोट दाखवलं.

मला कधी कधी शंका येते की उद्या खरोखरच अनुशेष भरून निघाला, तर या माणसाचं काय होईल? गोसीखुर्दवर बोलताना बघा त्यांना. वैनगंगेवरचं धरण, पवनीजवळ. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन. मूळ किंमत ३७२ कोटी. पुढे ती अठरा हजार कोटींच्या वर गेली. मधल्या प्रत्येक सुप्रमेचं साल काकाजींना तोंडपाठ. रागानं सांगायला बसतात, पण आकडा वाढत जातो तशी चेहऱ्यावर एक वेगळीच झळाळी चढत जाते. हा नुसता त्यांचा स्वभाव म्हणू नका, सगळ्या कारभाराचीच ही खोड आहे. कालव्यात पाणी आलं तर बातमी एका दिवसाची. किंमत वाढली तर निविदा, बैठक, दौरा, आणि विदर्भाकडे सरकारचं किती लक्ष आहे याचं छापील भाषण.

एकदा त्यांच्याबरोबर चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावी गेलो होतो. गावाबाहेर पाण्याची उंच टाकी, रंग ताजा, कोनशिला ठळक. टाकीला नळ नव्हता. खालच्या सावलीत एका म्हातारीनं साडीच्या धडप्यावर मोहफुलं वाळत घातली होती आणि ती काठीनं कोंबड्या हाकत होती. मी काकाजींकडे बघितलं. "टाकी एका खात्याची," ते शांतपणे म्हणाले, "पाइपलाइन दुसऱ्याची, मोटारीचं कनेक्शन तिसऱ्याचं. टाकीचं काम पूर्ण आहे." कागदावर भौतिक प्रगती शंभर टक्के, आर्थिक प्रगतीही शंभर टक्के. म्हातारीला मी विचारलं, पाणी कुठून आणता? तिनं काठी नाल्याच्या दिशेनं केली आणि तीच वळवून कोंबडीवर उगारली. काकाजींनी खिशातली वही काढून टाकीवरचा योजना क्रमांक उतरवून घेतला.

पण हाच माणूस ३१ मार्चच्या रात्री कोषागाराच्या बाकावर डबा घेऊन बसलेला मी पाहिला आहे. आदिवासी मुलींच्या एका वसतिगृहाचे पैसे परत जायला निघाले होते. वर्षभर झोपलेला निधी मार्चमध्ये जागा होतो आणि एप्रिलला मरतो. त्या रात्री काकाजींनी चार टेबलं, दोन सह्या आणि एका साहेबांची झोप असं सगळं पार करून ते बिल बसवलं. पहाटे घरी आले ते तापानं फणफणलेले. गडचिरोलीची बदलीही त्यांनी मागून घेतली होती. आलेला प्रत्येक साहेब बॅग न उघडता परतीचा अर्ज टाईप करायचा, हे माहीत असून. वडसा सोडलं तर तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात रेल्वे स्टेशन नव्हतं. आजही सिरोंचाच्या कुठल्या नाल्यावर पावसाळ्यात किती दिवस वाहतूक बंद असते, हे ते झोपेत सांगतील. फक्त ते कोणी विचारलं नाही. विचारला गेला तो खर्चाचा टक्का.

खनिजाचा पैसा खनिजाच्या गावी यावा, म्हणून २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठानं आली, तेव्हा काकाजी पुन्हा तरुण झाले. वाचनालयात बसून पूर्ण नियमावली वाचली. नंतर म्हणाले, "चांगलं आहे. पण पुन्हा समितीच आहे."

मग मीच त्यांना धानोऱ्याकडच्या एका गावात नेलं. त्याच भागातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबू विकण्याची वाट मोकळी झाली आणि मग आसपासच्या ग्रामसभाही आपला बांबू आपण विकू लागल्या. हे गाव त्यांतलंच. काकाजींनी आधी कार्यालय कुठे आहे ते विचारलं. एका पोरानं घरातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आणली. काकाजी चष्मा लावून बसले. बांबू किती तोडला, कितीला गेला, मजुरी कोणाला किती, शिल्लक किती. त्यांनी बेरजा केल्या, पुन्हा केल्या, पेन्सिलीनं तिसऱ्यांदा केल्या. बरोबर निघाल्या. मला ते जरा हिरमुसलेले दिसले.

"उपयोगिता प्रमाणपत्र कोणाला पाठवता?"

"नाई पाठवत जी," पोरगा म्हणाला. "सभेत वाचून दाखवतो. कोणाला पटलं नाई त थो तिथंच उठते."

"आणि कोणी उठलं तर?"

"मंग रात्र होते जी."

काकाजी बराच वेळ वही चाळत राहिले. मजुरीच्या एका पानावर अंगठ्यांचे ठसे होते; प्रत्येक ठशाखाली त्यांनी बोट फिरवलं. चहा झाला, मोहाचे लाडू झाले, निरोप घेतला. गाडी डांबरी रस्त्याला लागेपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "काम चोख आहे बावा, मानलं. फक्त वहीला जावक क्रमांक पाहिजे होता."